बातमीत उघडलेली खोली

माजी सैनिकांच्या खोलीचे उद्घाटन शनिवारी, ७ डिसेंबर १९९६ रोजी झाले, अशी बातमी रविवारच्या अंकात पाचव्या पानावर आली. ती मी लिहिली होती. उद्घाटन झाले नव्हते. ते पुढेही कधी झाले नाही.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगर मागे पडले की रस्त्याच्या डाव्या अंगाला, उसाच्या फडांमध्ये एक वृद्धाश्रम होता. खोली तिथली. आश्रमाचे नाव लिहीत नाही. इमारत दुमजली होती. खाली स्वयंपाकघर, कार्यालय आणि बायकांच्या खोल्या. वर पुरुषांचा एकच लांब हॉल, त्यात चौदा खाटा. संडास मागच्या अंगणात. वरच्या मजल्यावर मोरी नव्हती, म्हणून हॉलमध्ये रात्रीच्या लघवीसाठी भांडे ठेवायला व्यवस्थापकांची मनाई होती. जिन्याला अठरा पायऱ्या होत्या आणि कठडा एकाच बाजूला होता.

चौदा पुरुषांपैकी पाच फौजेतून निवृत्त झालेले. त्यातले सर्वांत वयस्कर नाईक आबा. नाईक हा त्यांचा फौजेतला हुद्दा. आश्रमात तेच नाव पडले. मोरगावच्या बाजूचे, मेंढरे राखणाऱ्या घरातले. मूलबाळ नव्हते. बायको गेल्यावर पुतण्याने आणून सोडले होते. डाव्या पायाची बोटे सीमेवरच्या बर्फात गेली होती आणि उजवा गुडघा वाकत नव्हता. ते जिना बसून उतरत, एकेक पायरी, दोन्ही हात मागे टेकून. हे कोणी पाहू नये म्हणून उजाडायच्या आत उतरत.

१९९६ च्या पावसाळ्यानंतर आश्रमाने देणग्यांतून खालच्या मजल्याला लागून एक नवी खोली बांधली. दोन खाटा, आतच कमोडचा संडास, भिंतीला धरायला लोखंडी दांडे. दार बाहेर उघडणारे, कारण आत कोणी पडला तर दार अडू नये, असे बारामतीच्या एका डॉक्टरांनी सुचवले होते. हे डॉक्टर महिन्यातून एकदा आश्रमात येत. बांधकाम नोव्हेंबरमध्ये संपले. दाराशेजारी संगमरवरी कोनशिला बसली. तिच्यावर पाहुण्यांचे नाव आणि ध्वजदिनाची तारीख, ७ डिसेंबर, कोरून झाली. पाहुणे म्हणजे पुण्यात राहणारे एक निवृत्त लष्करी अधिकारी. दाराला कुलूप लागले आणि किल्ली कार्यालयातल्या खिळ्यावर गेली. खोली वापरायला तयार होती. उद्घाटन बाकी होते.

आता माझी चूक. तालुक्याच्या वार्ताहराची बातमी तेव्हा एसटीने जायची. फॅक्स होता, पण तो खून, अपघात आणि निवडणुकीसाठी. बाकीच्या बातम्या पाकिटात घालून बारामतीच्या स्टँडवर कंडक्टरच्या हातात द्यायच्या. दुपारी दीडची गाडी साधली तर पाकीट संध्याकाळपर्यंत स्वारगेटला पोहोचे आणि पेपरच्या कार्यालयाचा शिपाई ते उचलून नेई. जिल्ह्याचे पान सहाला बंद होई. म्हणजे चारचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी छापून यायचा असेल, तर तो एक वाजता लिहावा लागे. सगळे तसेच लिहीत. निमंत्रणपत्रिकेवरून नावे घ्यायची, पाहुणे काय बोलतील ते साधारण ठाऊक असे, आणि क्रियापदे भूतकाळात ठेवायची. मी नऊ वर्षे असे लिहीत होतो आणि एकदाही फसलो नव्हतो. हे समर्थन म्हणून सांगत नाही. एकदाही न फसल्यामुळेच मला त्यात काही वावगे वाटेनासे झाले होते.

सात तारखेला मी एक वाजता लिहिले की खोलीचे उद्घाटन झाले, पाहुण्यांनी जवानांच्या त्यागाचा गौरव केला आणि माजी सैनिकांची गैरसोय दूर झाली. पाकीट दीडच्या गाडीने गेले. तीन वाजता मी आश्रमात पोहोचलो. मांडव घातला होता. पाचही जण इस्त्रीच्या कपड्यांत, पदके लावून पहिल्या रांगेत बसले होते. साडेतीनला कार्यालयातला फोन वाजला. पाहुण्यांना ताप होता, ते येणार नव्हते.

संस्थेचे अध्यक्ष बागायतदार होते. परिसरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी माइकवरून जाहीर केले की कार्यक्रम पुढे ढकलला आहे, चहा घेऊन जावे. फीत तशीच राहिली. नारळ परत पोत्यात गेले. पाचही जणांनी पदके काढली आणि वर गेले. नाईक आबांना त्या दिवशी लोकांसमोर बसून जिना चढावा लागला.

आश्रमाच्या फोनवरून बाहेरगावी फोन लागत नसे, म्हणून पेपरला कळवायला मी भवानीनगरच्या एसटीडी बूथवर गेलो. दोनदा नंबर लावला, दोन्ही वेळा लाइन लागली नाही. मागे रांग होती. मी बाहेर आलो आणि स्वतःशी म्हणालो की पाहुणे आठवड्यात येतील, मग बातमी खरीच होईल. तिसऱ्यांदा नंबर लावला नाही. त्या वेळी सव्वाचार वाजले होते. पान बंद व्हायला पावणेदोन तास बाकी होते.

सोमवारी मी आश्रमात गेलो तेव्हा बातमीचे कात्रण कार्यालयात लागले होते. त्याला काचेची चौकट नंतर बसली. व्यवस्थापकांनी बातमी सकाळीच हॉलमध्ये वाचून दाखवली होती. मी वर गेलो. आबांच्या शेजारची खाट हवालदार तात्यांची. तात्या इंदापूर तालुक्यातल्या ऊसवाल्या घरातले, पूल बांधणाऱ्या पलटणीतून निवृत्त झालेले. मला पाहून ते आबांकडे वळले.

"आरं नायका, तू तर परवाच आत गेलास. पेपरात छापून आलंय. मंग हितं कशाला पसरलायस?"

दोघे-तिघे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"बातमीत खोली उघडली म्हणून हाय," ते म्हणाले. "मंग किल्ली कुणाकडं हाय?"

मी चूक कबूल केली. कशी झाली तेही सांगितले. आबांनी ऐकून घेतले आणि विचारले की पेपर आता खरे काय ते छापेल का. मी छापेल म्हणालो.

तेवढ्यात चारचा चहा आला. आबांनी अर्धा कप घेतला, उरलेला तात्यांच्या कपात ओतला आणि स्वतःचा पाण्याचा पेला खिडकीत पालथा घातला. मी त्यांना पाणी हवे का म्हणून विचारले, तेव्हा ते म्हणाले, चारनंतर न्हाय. कारण तात्यांनी सांगितले. चारनंतर पाणी प्याले तर रात्री खाली जावे लागते. अंधारात अठरा पायऱ्या बसून उतरायच्या, अंगण ओलांडायचे, परत चढायचे. एकदा जमले नव्हते. त्यानंतर आबांनी पाणीच बंद केले. त्याला आता दीड वर्ष होत आले होते.

त्या संध्याकाळी मी खुलासा लिहिला. चार ओळी: उद्घाटन झाले नाही, खोली बंद आहे, चुकीबद्दल दिलगीर आहोत. तो छापला गेला नाही. मी फोन केला तेव्हा पान पाहणारे उपसंपादक म्हणाले की पाहुणे आले नाहीत याचा कसला खुलासा, ते येतील तेव्हा फोटोसह पाठवा. मी दुसऱ्यांदा पाठवला, जानेवारीत तिसऱ्यांदा पाठवला. एकही छापला गेला नाही.

२६ जानेवारी १९९७ ला आश्रमात झेंडावंदन झाले आणि मग सत्कार. सावलीची एकच जागा होती, नव्या खोलीसमोरचा ओटा. पाच खुर्च्या तिथे मांडल्या. पाचही जण बंद दाराकडे पाठ करून बसले. त्यांच्या डोक्यामागे सात डिसेंबरची फीत होती, धुळीने तपकिरी झालेली. आबांना साडेसहालाच खाली आणून बसवले होते. शाळेची कवायत झाली, चार भाषणे झाली. देश या जवानांचे ऋण विसरणार नाही असे प्रत्येकाने सांगितले. सत्काराला उठताना आबा पुढच्या बाजूला कोसळले. त्यांच्या हातात नारळ होता, तो गडगडत पहिल्या रांगेपर्यंत गेला. आदल्या दिवशी चारपासून त्यांच्या पोटात पाणी नव्हते.

त्यांना जीपमधून बारामतीला नेले. ज्यांनी दार बाहेर उघडणारे करायला सांगितले होते, त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात. सलाईन लागले. डॉक्टरांनी मला आणि तात्यांना बाहेर बोलावून सांगितले की मूत्रपिंडे थकली आहेत, औषधाइतकेच पाणी महत्त्वाचे आहे, दिवसा आणि रात्रीही. हा माणूस पाणी का पीत नाही, असे त्यांनी विचारले. तात्यांनी जिना सांगितला. डॉक्टर म्हणाले की त्यांच्याकडे बसून वापरायची एक कमोडची खुर्ची होती. ती नाईक आबांसाठीच बाजूला ठेवली होती. पण डिसेंबरात खोली उघडल्याची बातमी वाचली, सोय झाली असे समजून त्यांनी ती दुसऱ्या रुग्णाला दिली.

ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. माझ्या बातमीने खोली तर उघडली नव्हतीच, खुर्चीही गेली होती.

तीन दिवसांनी आबांना परत आणले. डॉक्टरांनी तात्यांना एक वही दिली. आबा दर वेळी पाणी पितील तेव्हा वेळ लिहायची, पुढच्या खेपेला मी पाहीन, असे त्यांनी सांगितले. व्यवस्थापकांना त्यांनी चिठ्ठीही दिली: रुग्णाला तळमजल्यावर, संडासाजवळ ठेवणे. व्यवस्थापकांनी चिठ्ठी फाइलला लावली आणि आबांना चौघांकडून वर हॉलमध्ये नेले. वहीत पहिल्या आठवड्यात रोजची शेवटची नोंद साडेतीनची किंवा चारची आहे.

बुधवारी, ५ फेब्रुवारीला मी व्यवस्थापकांकडे ती फाइल मागितली. मला डॉक्टरांच्या चिठ्ठीची तारीख हवी होती. चिठ्ठीखाली पाहुण्यांचे पत्र होते. ११ डिसेंबरला आलेले, शुद्ध मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेले. तापामुळे येता आले नाही याबद्दल क्षमा मागितली होती. पुढे दोन वाक्ये होती. मी ती तिथेच उभ्याने उतरवून घेतली. 'माझ्यासाठी खोली बंद ठेवू नये. तिथल्या सर्वांत वयोवृद्ध जवानाच्या हातून ती हे पत्र मिळेल त्याच दिवशी उघडावी.' पत्राच्या कोपऱ्यात 'अध्यक्षांनी पाहिले' असा शेरा आणि १२ डिसेंबर ही तारीख होती.

बारा डिसेंबर ते सव्वीस जानेवारी. मी दिवस मोजले. पंचेचाळीस.

असे लिहिताना अध्यक्ष मनाने वाईट नव्हते, असे एक वाक्य टाकायची पद्धत आहे. मी ते टाकणार नाही. त्यांनी काय केले आणि ते काय म्हणाले एवढेच लिहितो. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या वस्तीवर गेलो आणि ती दोन वाक्ये वाचून दाखवली. त्यांनी मला बसायला सांगितले, चहा मागवला. ते म्हणाले की मोठी माणसे पत्रात तसे लिहितातच. म्हणून आपण खरोखर उघडायची नसते. त्यांनी पाहुण्यांना त्यानंतर तीन तारखा कळवल्या होत्या. पाहुण्यांची तब्येत अजून बरी नव्हती.

"कोनशिलेवर त्यांचं नाव हाय," अध्यक्ष म्हणाले. "ते न येता खोली वापरली, तर दगडावरचं खोटं पडंल."

मी म्हणालो, "अण्णा, माझी बातमी तर दोन महिने खोटीच आहे."

"तुमची बातमी खोटी न्हाय. जरा आधी आली, एवढंच."

मी डॉक्टरांची चिठ्ठी सांगितली. ते म्हणाले, नाईकाला काही कमी पडू देणार नाही, येत्या पंधरा ऑगस्टला त्यांचा स्वतंत्र सत्कार करू. हे त्यांनी मनापासून म्हटले. मी चहा न घेता निघालो. वाटेत माझ्या लक्षात आले की त्यांना दाखवायला माझ्याकडे छापलेले काहीच नव्हते. जे छापलेले होते, ते त्यांच्या बाजूचे होते.

दुसऱ्या दिवशी मी आश्रमात जाऊन पाचही जणांना पत्रातली वाक्ये वाचून दाखवली. तात्यांनी दुसरे वाक्य पुन्हा वाचायला लावले.

"सर्वांत वयोवृद्ध जवान म्हंजी कोण रं?" त्यांनी हॉलमध्ये विचारले.

"मी न्हाय," आबा म्हणाले. "माझं वय बाहत्तर."

"डिस्चार्ज बुकात चौऱ्याहत्तर हाय. मी बघितलंय. चोरून दोन वर्षं कमी सांगतो, म्हातारा." मग तात्या माझ्याकडे वळले. "साहेबाचा लेखी हुकूम हाय, आन् तो फायलीत दोन महिनं पडून हाय? आमच्या पलटणीत असं झालं असतं तर क्लार्क आत गेला असता."

शनिवारी, ८ फेब्रुवारीला व्यवस्थापक बाजारासाठी इंदापूरला गेले. किल्ली खिळ्यावर नव्हती. २६ जानेवारीपासून ती ते खिशात ठेवत. दुपारी तीनला तात्या हातोडी आणि एक लांब खिळा घेऊन खाली उतरले. मी त्या दिवशी तिथे होतो, आणि तेही योगायोगाने नव्हे. कुलूप फोडू या, असे एकाने सुचवले. तात्या नाही म्हणाले. संस्थेच्या वस्तूची मोडतोड करायची नाही. दार बाहेर उघडणारे, त्यामुळे बिजागऱ्याही बाहेरच होत्या. त्यांनी आधी फितीचे एका बाजूचे टोक सोडले. मग खिळ्याने बिजागऱ्यांच्या तिन्ही खिळी खालून वर ठोकून काढल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकल्या. दार बिजागऱ्यांच्या बाजूने सुटले आणि कुलपावर फिरून उलटे उघडले. कुलूप शाबूत होते. आत सिमेंटचा वास होता. नळाला पाणी आले, आधी लाल, मग स्वच्छ.

आबांना हातांच्या लाकडी खुर्चीत बसवून खाली आणले. उतरताना ते पुढे सरकू नयेत म्हणून त्यांना खुर्चीला बांधणे भाग होते. दोरी मिळाली नाही. आबांच्या ट्रंकेत सत्कारांच्या नऊ शाली होत्या, सगळ्या घडी न मोडलेल्या. त्यातल्या दोन वापरल्या. चौघांनी खुर्चीचा एकेक पाय धरला. चौथ्यांना भार पेलेना, म्हणून त्यांच्या जागी मी. अठरा पायऱ्यांना अकरा मिनिटे लागली. तात्या पायरी मोजत होते आणि दर तिसऱ्या पायरीला 'थम' म्हणून थांबवत होते. एकदा आबा म्हणाले की फौजेत मेलेल्यालाही यापेक्षा लवकर खाली आणतात. सगळ्यांना धाप लागली होती.

दाराशी तात्यांनी खुर्ची खाली ठेवायला लावली. शाली सोडल्या. आबा एका हाताने चौकट आणि दुसऱ्या हाताने तात्यांचा खांदा धरून उभे राहिले आणि स्वतःच्या पायाने आत गेले. त्यांनी भिंतीचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तो हलला नाही. मग ते खाटेवर बसले. बाहेर तात्यांनी फितीचे टोक परत बांधले, पहिल्यासारखे, कारण ती त्यांच्या अखत्यारीत नव्हती.

व्यवस्थापक सहाला परतले. ते दारापर्यंत आले, पाहिले आणि कार्यालयात गेले. त्यांनी अध्यक्षांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आले. मी तेव्हा नव्हतो; हे मला तात्या आणि व्यवस्थापक दोघांनी वेगवेगळे सांगितले आणि दोघांचे सांगणे जुळते. अध्यक्ष कुलपावर लटकलेल्या दारासमोर उभे राहिले. आत आबा होते. अध्यक्ष त्यांच्याशी बोलले नाहीत. सगळा भार कडीवर आला आहे, अशाने चौकट खराब होईल, असे ते व्यवस्थापकांना म्हणाले. किल्ली मागून घेतली, कुलूप काढले आणि खिशात टाकले. तात्यांनी खिळी आणून दिल्या. दार पुन्हा बसवले. फीत अध्यक्षांनी स्वतः सोडून, गुंडाळून बरोबर नेली.

कोनशिला बदलली नाही. तिच्यावर पाहुण्यांचे नाव आणि ७ डिसेंबर १९९६ ही तारीख आहे. पाहुणे तिथे कधीही आले नाहीत. माझा खुलासा छापला गेला नाही.

सोमवारी, १० फेब्रुवारीला डॉक्टर आले. त्यांनी वही मागितली आणि पाहून झाल्यावर माझ्या हातात दिली. शनिवारच्या पानावर चारनंतर तात्यांच्या अक्षरात तीन नोंदी आहेत. साडेचार, एक पेला. सहा, एक पेला. सव्वाआठ, एक तांब्या.